सुटे शब्द

रविवारी दुकान उघडायचं नाही, हा वडिलांचा नियम दादाने आजवर मोडला नव्हता. वडील गेले त्या आठवड्यातसुद्धा त्याने रविवारी शटरला हात लावला नाही. म्हणून धाकटी स्टेशनवरून बॅग ओढत गल्लीच्या तोंडाशी आली आणि तिला बाइंडिंगच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर दिसलं, तेव्हा ती थबकली. आईला काही झालं की काय, हा पहिला विचार. पण आतून दादाचा आवाज आला, नेहमीसारखा कुणावर तरी करवादत, आणि ती सावरली. दादा करवादतोय म्हणजे घर जागेवर आहे.

आत दादाने लांब टेबलावरचे पुठ्ठे, कापडाचे ताके, सरसाचे डबे सगळं उचलून कोपऱ्यात लोटलं होतं आणि तिथे बुटांची तेवीस खोकी ओळीने मांडली होती. सात वर्षांची कमाई. प्रत्येक खोक्यात हाताने कापलेली कार्डं, प्रत्येक कार्डावर आईच्या तोंडचा एक शब्द आणि पाठीमागे त्याचा अर्थ. दादा खोक्यांच्या कडा फूटपट्टीने सरळ करत होता. मधला भाऊ दाबाच्या मशीनला टेकून चहा पीत त्याच्याकडे बघत होता. हा पाणीखात्यात मीटर तपासायचा, आणि दिवसभर आकडे बघून बघून त्याला जगातल्या कुठल्याच मोजणीचं कौतुक उरलं नव्हतं.

"ये शेंडेफळ," भाऊ म्हणाला. "बरी वेळेवर आलीस. आपल्या भाषेची आज परीक्षा आहे आणि दादा बाकं लावतोय."

"तू चहा पी," दादा म्हणाला. "अकरा हजार चारशे. एवढे शब्द या जातकुळीच्या कुठल्याच भाषेचे कुणी जमवलेले नाहीत. कार्यालयाच्या बाईंनी पत्रात तसं लिहिलंय."

"बाईंनी पत्रात आणखीही काही लिहिलंय. ते वाच की हिला."

दादाने वाचलं नाही. धाकटीला ते पाठच होतं, कारण पत्राची प्रत तिलाही आली होती. अकरा वाजता भाषा कार्यालयाच्या बाई येणार, घरातल्या दोन माणसांचं अर्धा तास सलग बोलणं ऐकणार आणि फॉर्मवर दोनांपैकी एका चौकोनात खूण करणार. एका चौकोनापुढे लिहिलं होतं 'बोलती', दुसऱ्यापुढे 'नोंदलेली'. बोलती ठरली तर पलीकडच्या रस्त्यावरच्या शाळेत वर्ग निघणार, शिक्षक नेमणार, गावात उरलेल्या आपल्या अकरा घरांतली पोरं तिथे बसणार. नोंदलेली ठरली तर खोकी संग्रहात जाणार आणि फाइल बंद. फेरतपासणी नाही.

आणि बोलणार कोण, तर आई. दुसरं होतंच कोण? कोपऱ्यावरचा म्हातारा शिंपी मागच्या हिवाळ्यात गेला, मावशी त्याच्या आधी. अकरा घरांत पन्नासेक माणसं, पण त्यांच्याकडे भाषा म्हणजे चार शिव्या आणि अंगाईची एक ओळ. दादाने याच दुकानात दर शनिवारी वर्ग चालवला होता. पहिल्या शनिवारी तीस जण आले. दादा एकेकाचा उच्चार चारचौघांत दुरुस्त करायचा, तोंड असं उघड, जीभ तशी लाव. दोन महिन्यांत सात राहिले, वर्षाअखेर एक. तो एक जण दादाच होता.

"तू आईशी काय बोलणार आहेस?" धाकटीने विचारलं.

"प्रश्न काढून ठेवलेत. वीस."

"दादा, प्रश्न कशाला? नुसतं बोल ना."

"नुसतं बोल म्हणजे काय? बोलायला विषय लागतो."

भावाने कप खाली ठेवला आणि धाकटीकडे बघून भुवया उडवल्या. लहानपणापासून हा या दोघांचा गुप्त करार, दादा असं काही बोलला की भुवया उडवायच्या. धाकटीने आज मान फिरवली. दादाची थट्टा करायचा तिला आज धीर होत नव्हता. सात वर्षं या माणसाने रात्रंदिवस एकच ध्यास घेतला होता, आणि तिने तरी दुसरं काय केलं होतं? दर महिन्याला टपालाने येणारी शे-दीडशे कार्डं तिनेच तिच्या नोकरीच्या शहरात, ऑफिसमधून आल्यावर, टाइप केली होती. सगळीच्या सगळी. आईची भाषा तिला डोळ्यांनी येत होती. कानांनी येत नव्हती.

ती माळ्यावर गेली. रस्त्याकडच्या खोलीत वहिनी आईचे केस विंचरत होती. आई शहाऐंशी वर्षांची, पाठ ताठ, अंगात निळा लोकरी झगा. डोकं शाबूत. वहिनीच्या गुडघ्याच्या गोळ्या संपल्या की वहिनीच्या आधी तिला कळायचं.

"आले गं, आई."

"आलीस," आई म्हणाली. "जेवलीस?"

"गाडीत खाल्लं."

"बरं."

संपलं. बाहेरच्या भाषेत आईजवळ एवढंच असायचं. जेवलीस, झोप, नको, बरं. या भाषेत ती साठ वर्षं राहिली, पण पाहुण्यासारखी, कुठल्याच वस्तूला हात न लावता. थोरल्या दोघांना ती आपल्या भाषेत बोलायची. मग शाळेतून चिठ्ठी आली की पोरं मागे पडतात, घरात शाळेची भाषा बोला. आईने चिठ्ठीचा मान राखला. धाकटी त्यानंतर झाली. तिच्या वाट्याला आईची ही तुटपुंजी भाषा आली. खरी आई तिने फक्त भिंतीतून ऐकली होती. आई-वडील दिवा मालवून पडले की पलीकडच्या खोलीत आईची टकळी सुरू व्हायची, तासतासभर, काय ते कळायचं नाही, मधूनच वडील खो खो हसायचे. एवढ्या गंभीर माणसाला इतकं हसवणारी ती बाई कोण, याचा धाकटीला आयुष्यभर हेवा वाटत आला होता. वर्ग निघो न निघो, शिक्षक येवो न येवो. आज तिला त्या बाईचं बोलणं भिंतीच्या अलीकडे बसून ऐकायचं होतं. सोळा तासांचा प्रवास तिने त्यासाठी केला होता, आणि हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

"वन्सं, तुम्ही जरा धरा," वहिनीने कंगवा तिच्या हातात दिला. "मी खाली खुर्च्यांचं बघते. आई, आज पाहुण्या येणारेत हं. छान बोलायचं."

आईने मान डोलावली.

कार्यालयाच्या बाई अकराला पाच मिनिटं असताना आल्या. पन्नाशीच्या, जाड चष्मा, बोलण्यात अदब. खोकी बघून त्या खरोखर थक्क झाल्या. एकेक झाकण उघडून कार्डं चाळत राहिल्या. दादाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते धाकटीने कितीतरी वर्षांनी पाहिलं. तो एकदम विशीतला दिसायला लागला.

मग सगळे वर गेले. बाईंनी यंत्र टेबलावर ठेवलं, लाल दिवा लागला. दादा आईसमोर बसला. घसा साफ करून त्याने त्यांच्या भाषेत पहिला प्रश्न विचारला. धाकटीला तो कळला, कारण दादा छापल्यासारखं बोलायचा. तू या गावात पहिल्यांदा आलीस तो दिवस कसा होता?

आईने विचार केला. "आगगाडी," ती त्या भाषेत म्हणाली. आणि थांबली.

दादाने मान हलवली, पुढे बोल अशी. आई थांबलेलीच. तिची नजर दादाच्या उजव्या हातावर होती.

दुसरा प्रश्न. वडिलांशी तुझी ओळख कशी झाली? "पूल," आई म्हणाली. पुन्हा थांबली. तिसऱ्याला "भाकरी", चौथ्याला "बहीण". बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या हळूच म्हणाल्या, "प्रश्न राहू द्या. आजी, तुम्हाला हवं ते बोला. लेकाशी बोला, लेकीशी बोला. मी इथे नाहीच असं समजा."

दादाने ते आईला समजावून सांगितलं. आईचा चेहरा उजळला. आता कळलं, काय हवंय ते. ती खुर्चीत सावरून बसली, खोलीभर नजर फिरवली आणि सुरू झाली. पडदा. दोरी. कप. मोठा मुलगा. मधला मुलगा. सून. मुलगी. चष्मा. प्रत्येक शब्द सुटा, स्वच्छ, आणि प्रत्येक शब्दानंतर थांबा. धाकटी तो थांबा मोजत होती. एका कार्डावर एक शब्द लिहून होईल तेवढा, ना कमी ना जास्त.

"उच्चार बघा," दादा बाईंना म्हणाला. "या वयातही एक अक्षर इकडचं तिकडे नाही."

भाऊ खिडकीशी उभा होता. त्याने पाठ फिरवली.

अर्धा तास बाईंनी तसाच जाऊ दिला. मध्येच त्यांनी धाकटीला खूण केली, तुम्ही बोलून बघा. धाकटीने महिनाभर आरशासमोर घोकलेलं वाक्य म्हटलं. आई, मला तुझ्या लहानपणचं सांग. आई तिच्याकडे प्रेमाने बघून हसली, आणि त्या वाक्यातला 'लहानपण' हा शब्द तिने तिला पुन्हा नीट म्हणून दाखवला. एकदा, आणि मग आणखी एकदा, सावकाश.

लाल दिवा विझला. सगळे खाली दुकानात आले. बाई म्हणाल्या, "वयामुळे असं होतं कधी कधी. काही हरकत नाही. तुमच्याकडे मूळ ध्वनिमुद्रणं असतील ना? सात वर्षांपूर्वीची. त्यात आजी सलग बोलत असतील. अर्धा तास सलग मिळाला तरी मी ते धरू शकते. नियमात बसतं."

धाकटीचा जीव भांड्यात पडला. तिने दादाकडे बघितलं.

"आहेत की," दादा म्हणाला. "अकरा हजार चारशे फाइली. एकेका शब्दाची एकेक."

"त्या कापलेल्या. मी मूळच्या म्हणतेय."

"मूळच्या साफ केल्या."

"साफ म्हणजे?"

"मधला फापटपसारा काढून टाकला. आई एका शब्दामागे पाच-पाच मिनिटं बोलायची. शेजारणीची गोष्ट, कुणाचं लग्न, कुणाची खोड. त्यातून शब्द काढून घ्यायचा आणि बाकीचं..." दादा बोलता बोलता थांबला.  आपण काय बोलतोय ते त्याला त्या क्षणी पहिल्यांदा ऐकू आलं असावं.

"बाकीचं कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

दादाने भावाकडे बघितलं.

"उडवलं," भाऊ शेवटी म्हणाला. "कॉम्प्युटर भरला होता. जागा नव्हती. मीच त्याला म्हटलं, जुनं उडव. मीच उडवून दिलं."

 बाईंनी फॉर्म काढला, टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि खूण केली. कुठल्या चौकोनात, ते बघायची कुणाला गरज नव्हती. "संग्रह फार मोलाचा आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांना तसंच वाटत होतं. "गाडी मंगळवारी येईल. खोकी पावसापाण्यात भिजू देऊ नका." जाताना त्यांनी दादाच्या हातावर हात ठेवला. दादाने तो काढून घेतला नाही, पण त्याला तो कळला असेल असंही वाटलं नाही.

त्या गेल्यावर भाऊ बोलला. "सात वर्षं तू तिला भाजीसारखी निवडलीस, दादा. पानं घेतलीस आणि देठं टाकलीस."

"तू काय केलंस? महिन्यातून एकदा यायचं, चहा ढोसायचा, टिंगल करायची."

"मी आईला त्रास तरी दिला नाही."

"उडवलं कुणी?"

"तू म्हणालास फापटपसारा म्हणून!"

धाकटीला वाटलं, आता वहिनी मध्ये पडेल, नेहमीसारखी, अहो जाऊ द्या म्हणत. वहिनी मध्ये पडली, पण भलत्याच बाजूने.

"मला कुणी विचारत नाही, पण सांगते," ती दादाकडे बघून म्हणाली. "तुम्ही मशीनवर असायचात, कार्डं घेऊन वर मीच बसायचे. पहिलं वर्षभर त्या बोलायच्या हो. काय बोलायच्या. हात काय, डोळे काय, नकला काय. मला एक अक्षर कळायचं नाही आणि मी हसायचे. तुम्ही रात्री ते ध्वनिमुद्रण ऐकून चिडायचात. उद्या सांग त्यांना, विषयांतर नको, नुसता शब्द. मग मी एक युक्ती केली. पाच शब्द झाले की चहा. गप्पा मारल्या तर चहा नाही. लहान मुलासारखं. पंधरा दिवसांत शिकल्या." तिने हातातल्या फडक्याने डोळे पुसले. "मला वाटलं, मी मदत करतेय."

"वहिनी, तुमचा काय दोष," धाकटी म्हणाली.

"तुमचाही आहे, वन्सं. राग मानू नका. दर रविवारी तुमचा फोन. मी शेजारी असायचे. त्या काहीतरी सांगायला लागायच्या आणि तुम्ही म्हणायचात, आई, आज तीनच शब्द दे, मला टाइप करून झोपायचंय."

  तसं धाकटी म्हणायची, शब्दशः तसंच. दादावर रागवायला ती मनातल्या मनात तयार होऊन बसली होती, भावाच्या बाजूला जायला तिचा एक पाय उचललेलाही होता. आता कुणाच्या बाजूला जायचं? घरातल्या चौघांनी मिळून एका म्हातारीचं तोंड बंद केलं होतं, आणि चौघांनीही ते तिच्या भाषेवरच्या प्रेमापोटी केलं होतं. शत्रूने केलं असतं तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

दादा खुर्चीवर बसला होता. "मला वाटलं शब्द वाचले की झालं," तो म्हणाला. "पोरं पुढे त्याची वाक्यं करतील."

"कुठली पोरं?" भाऊ म्हणाला, पण आता त्याच्या आवाजात धार नव्हती. त्याने कोट उचलला आणि शटरखालून वाकून निघून गेला. थोड्या वेळाने दादाने कटिंग मशीन चालू केलं आणि कोरे पुठ्ठे कापायला घेतले. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. वहिनीने त्याला कापू दिले.

धाकटी वर गेली. दुपारचं ऊन खोलीत आलं होतं. आई खिडकीशी बसली होती. पलंगावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग पडला होता.   धाकटीने एक चादर उचलली आणि ती घडी घालायला लागली. आईने दुसरं टोक धरलं. दोघींनी चादर ताणली, जवळ आल्या, टोकाला टोक लावलं, लांब गेल्या. दुसरी चादर. तिसरी. मग पलंगावर बसून उशांचे अभ्रे.

आणि एका अभ्र्यावर हात फिरवता फिरवता आई बोलायला लागली.

त्या भाषेत. सलग. आधी हळू, स्वतःशी बोलल्यासारखी, मग हात हलवत. धाकटी हातातली घडी अर्धी सोडून ऐकत राहिली. पाचातला एक शब्द तिला कळत होता. नदी. तुझे वडील. ओले कपडे. कुणीतरी कुणाला पाण्यात ढकललं होतं, किंवा कुणीतरी आपणहून पडलं होतं. आईने नाक उडवून कुणाची तरी नक्कल केली, कुठल्या तरी खवीस काकूची असावी, आणि स्वतःच हसली. तेच हसणं. भिंतीपलीकडचं. ही ती बाई होती. ती इथे होती, हाताच्या अंतरावर, मांडीवर अभ्रा घेऊन, आणि धाकटीला एकदम रडू आलं आणि तिने ते गिळलं, कारण रडलं तर ऐकू येणार नाही. असंच बोलत राहा, तिने मनात म्हटलं. मला काही कळलं नाही तरी चालेल, पण बोलत राहा.

गोष्ट रंगात आली. आईने पुढे वाकून तिच्या गुडघ्यावर थाप मारली आणि एक शब्द म्हटला. पुढच्याच वाक्यात तोच पुन्हा म्हटला, जोर देऊन. सगळी गंमत बहुधा त्याच शब्दात होती. आणि तो धाकटीला माहीत नव्हता. अकरा हजार चारशे तिने स्वतःच्या बोटांनी टाइप केले होते, त्यांत हा नव्हता. एकाही खोक्यात नव्हता.

"आई, थांब," ती म्हणाली. "तो शब्द परत सांग."

तिला ते बोलून झाल्यावर कळलं.

आई थांबली. हवेतला हात खाली आला. चेहऱ्यावरचं हसू गेलं असं नाही, ते आज्ञाधारक झालं. तिने तो शब्द सांगितला, सावकाश, स्वच्छ, अक्षर अन् अक्षर सुटं. मग लिहून होईल तेवढा वेळ थांबली.

"नाही, आई. तसं नाही. बोल ना पुढे. काय झालं मग नदीवर? सांग ना. चुकलं माझं, तू बोल."

आईने समजून मान डोलावली. अभ्र्याची घडी घालून बाजूला ठेवली, दोन्ही हात मांडीवर घेतले, खिडकीकडे बघितलं आणि त्या भाषेतला खिडकीचा शब्द सांगितला.